उपकारस्तुतीचा नेम: वहीतली यादी शिळी का होते आणि ती जिवंत कशी ठेवायची?

गव्हाची_ओंबी

जय ख्रिस्त, मंडळी.

"सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" (१ थेस्सलनीकाकरांस ५:१८) हे वचन तोंडपाठ नाही असा ख्रिस्ती माणूस विरळा. पण ते रोज पाळायचं कसं, यावर नेमकं कोणी बोलत नाही. सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे वही घ्या आणि रोज पाच गोष्टी लिहा. आठवडाभर बरं चालतं. मग कुटुंब, तब्येत, घर, काम, झोप हेच शब्द उलटसुलट यायला लागतात आणि महिन्याभरात वही मिटते. वर "आपण कृतघ्नच" हा दोषभाव उरतो तो वेगळा.

माझं मत असं की खोट बहुतेक वेळा मनात नसते, पद्धतीत असते. इथे प्रार्थनागट चालवणारे, बायबल अभ्यास घेणारे बरेच जण आहेत, म्हणून तीन गोष्टी विचारते. रोज किती वेळ आणि कोणत्या क्रमाने? दुःखाच्या, आजाराच्या दिवसांत ही उपकारस्तुती खोटी न होता कशी करायची? आणि घरात किंवा गटात करायची तर कशी? "मनापासून करा" एवढंच उत्तर नको, करून बघता येईल असं काही सांगा.

स्तोत्रवाचक

यादी शिळी होते कारण ती नामांची असते. "तब्येत", "घर" ही वस्तूंची मोजदाद झाली. देवाने काय केलं ते त्यात येतच नाही.

स्तोत्र १०३ काढून बघा. त्याचे उपकार विसरू नको असं आपल्याच जिवाला बजावून झालं की ३ ते ५ या वचनांत पाच क्रिया लागोपाठ येतात: क्षमा करतो, बरे करतो, उद्धारतो, मुकुट घालतो, तृप्त करतो. पाचही वेळा कर्ता देव. स्तोत्र १३६ याच घडणीचं, फक्त लांब. २६ वचनं, आणि प्रत्येकाला "त्याची दया सनातन आहे" हे पालुपद. सुरुवातीची तीन आणि शेवटचं वचन ही हाक आहे, मधली सगळी देवाची कामं: आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र, मग मिसर, तांबडा समुद्र, रान, सीहोन आणि ओग हे राजे, आणि शेवटाकडे सर्व प्राण्यांना अन्न देणं.

यावरून करायचं ते असं. रोज पाच शब्द लिहिण्याऐवजी आठवड्यातून एकदा आठ ओळींचं स्वतःचं १३६ लिहा. दोन ओळी सृष्टीबद्दल, दोन तारणाबद्दल, तीन या आठवड्यात घडलेल्या गोष्टींबद्दल, आणि एक अशा उपकाराबद्दल की जो आपल्याला नाही, दुसऱ्याला मिळाला. प्रत्येक ओळ "तू" ने सुरू करा, तिच्यात क्रियापद हवं, आणि तिन्ही ताज्या ओळींना वेळ किंवा ठिकाण हवं. "तब्येतीबद्दल आभार" नको. "तू मंगळवारी रात्री ताप उतरवलास" असं लिहा. मग प्रत्येक ओळीनंतर पालुपद मोठ्याने म्हणा. इथे बरेच जण कंटाळा करतात, पण पालुपदामुळेच एकेक घटना देवाच्या स्वभावाला जोडली जाते. ते गाळलं की उरते ती डायरी.

यार्देनकाठ

+१. "आठवी ओळ दुसऱ्याला मिळालेल्या उपकाराबद्दल" हे फार आवडलं. मत्सरावर एवढा साधा उपाय कुठे वाचला नव्हता.

दिवटी

ओंबीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल, म्हणजे वेळ आणि क्रम.

इग्नाशियस लोयोला यांच्या १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेत दिवसाच्या झडतीच्या पाच पायऱ्या आहेत. मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार; आपली पापं ओळखायला कृपा मागणं; उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने पाहणं; क्षमा मागणं; उद्यासाठी निश्चय. कॅथलिक नसलेल्यांनीही करायला हरकत नाही, यातली एकही पायरी शास्त्राबाहेरची नाही.

क्रमाकडे नीट बघा. पहिली पायरी पापाची नाही, उपकारांची आहे. आधी पापं मोजायला बसलं की माणूस स्वतःपाशीच अडकतो. आधी देवाने आज काय दिलं ते पाहिलं की मग चूक दिसते ती अशा पित्यासमोर, ज्याने आत्ताच इतकं दिलंय. त्यामुळे पश्चात्ताप खरा होतो आणि निराशेकडे घसरत नाही.

बारा मिनिटं पुरतात. बिघडतं ते तिसऱ्या पायरीवर: दिवस आठवता आठवता उद्याच्या कामांची यादी सुरू होते आणि सगळा वेळ तिथेच जातो. म्हणून आभारासाठी तीन मिनिटं घड्याळ लावून ठेवा, दिवस पाहण्यासाठी पाच, बाकीच्या तिन्हींना मिळून चार. आणि अंथरुणावर पडून करू नका, दुसऱ्या पायरीच्या आत झोप लागते. खुर्चीत बसून, झोपायच्या अर्धा तास आधी.

मिठाचा_खडा

थोडी वेगळी बाजू मांडतो. घड्याळ, ओळी, पायऱ्या हे सगळं देवाशिवायही करता येतं, आणि लोक करतातच. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटेल अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने त्रासाच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. पहिल्या गटाला आयुष्याबद्दल जास्त समाधान वाटलं. चांगलंच आहे. पण मला बरं वाटावं म्हणून मी आभार मानत असेन, तर त्या आभाराचं केंद्र कोण?

लूक १८:११ मधला परुशीही आभारच मानत होता! "हे देवा, मी इतर माणसांसारखा नाही, म्हणून तुझे आभार." नाव देवाचं, स्तुती स्वतःची. "बघा, त्यांना नाही, आपल्याला आहे" या चालीवरची प्रत्येक उपकारस्तुती त्याच जातीची. मुलांना "गरिबांकडे बघ आणि देवाचे आभार मान" असं शिकवतात तेव्हा नेमकं हेच शिकवलं जातं.

स्तोत्रवाचक

@मिठाचा_खडा, धोका अगदी बरोबर सांगितलात. फक्त उपाय म्हणून पद्धत टाकून देऊ नये. दानीएल ६:१० बघा. राजाशिवाय दुसऱ्या कोणाकडे प्रार्थना करायची नाही असं फर्मान निघाल्यावर दानीएल घरी जातो, गुडघे टेकतो आणि दिवसातून तीनदा उपकारस्तुती करतो, पूर्वी करत असे तशीच. सिंहांच्या गुहेची टांगती तलवार असताना ऐन वेळी नवीन सवय लागत नसते.

परुशीपणा ओळखायची एक कसोटी: लिहिलेल्या ओळीतून दुसरा माणूस पुसून बघा. "इतरांचं काम गेलं, माझं राहिलं" यातून "इतरांचं" पुसलं की आभाराला काही उरतं का? उरत असेल तर ओळ ठेवा. नसेल तर त्या इतरांसाठी प्रार्थना करा, ती जास्त खरी.

पहाटतारा

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण इथेच सर्वांत जास्त इजा होते.

थेस्सलनीकातलं वचन "सर्व स्थितीत" म्हणतं. आजार आला, त्या स्थितीतही देव देवच आहे, त्याने सोडलेलं नाही, ख्रिस्त उठलेला आहे, याबद्दल आभार. आजार गोड मानून घ्यायला ते सांगत नाही.

येशूकडे बघा. योहान ११ मध्ये लाजराच्या कबरेपाशी तो ३५ व्या वचनात रडतो आणि ४१ व्या वचनात वर पाहून म्हणतो की हे बापा, तू माझे ऐकलेस म्हणून मी तुझे उपकार मानतो. मध्ये फक्त पाच वचनं. रडणं आटोपून मग आभार अशी दोन खाती त्याने केली नाहीत. आणि लाजर अजून आतच होता.

हबक्कूक ३:१७ तर आधी नुकसानीचीच यादी करतो: अंजीर फुलत नाही, द्राक्षवेलाला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. एकेक करून सहा गोष्टी. "तरी" नंतर येतं. आपल्या उपासनांमध्ये ही यादी गाळून थेट "तरी" वर उडी मारतात, म्हणून ती उपकारस्तुती पोकळ वाटते.

कठीण दिवसांत करायला सोपी चौकट स्तोत्र १३ मध्ये आहे. सहा वचनं: पहिली दोन तक्रार ("कोठवर?"), पुढची दोन मागणी, शेवटची दोन विश्वास आणि गाणं. कागदाचे तीन भाग करा आणि याच क्रमाने प्रत्येकात दोन वाक्यं लिहा. तिसऱ्या भागात नवीन काही सुचत नसेल तर देवाने मागे केलेलं एक काम लिहा, स्तोत्रकर्ताही तेच करतो. पहिला भाग रिकामा ठेवून तिसरा लिहू नका.

बारा_टोपल्या

पहाटताराताई, सुंदर. पण इफिसकरांस ५:२० म्हणतं "सर्व गोष्टींबद्दल". ते कुठे ठेवायचं? आणि ईयोबाने "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम" असंच म्हटलं ना? "नेले" याबद्दलही धन्यवाद झालाच की.

पहाटतारा

ईयोब १:२१ मध्ये तो देवाच्या नावाला धन्य म्हणतो, मुलं गेल्याबद्दल आभार मानत नाही. आणि तिसऱ्या अध्यायात तोच आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत आणि शेवटी देव म्हणतो की माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, त्याचे मित्र नव्हेत (४२:७).

इफिस ५ मधलं "सर्व गोष्टींबद्दल" त्याच अध्यायाच्या संदर्भात वाचावं लागतं. ११ व्या वचनात अंधाराच्या कृत्यांचे भागीदार होऊ नका, ती उघडी करा, असं आधीच सांगितलंय. म्हणजे पाप, अन्याय, कोणी केलेला छळ याबद्दल आभार मानायचे नाहीत, तो उघडा करायचा. योसेफ उत्पत्ती ५०:२० मध्ये भावांना स्पष्ट सांगतो की तुम्ही माझं वाईट योजलं होतं, देवाने त्यातून चांगलं योजलं. भावांचं कृत्य चांगलं होतं असं तो म्हणत नाही.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: मारहाण सोसणाऱ्या बाईला "सर्व स्थितीत उपकारस्तुती कर" असं सांगणं हा वचनाचा गैरवापर आहे. तिला आधी सुरक्षित जागा आणि मदत हवी. शोकात असलेल्या घरीही हे वचन घेऊन जाऊ नका. ईयोबाचे मित्र सात दिवस काही न बोलता जमिनीवर बसले, तेवढं त्यांचं बरोबर होतं.

यार्देनकाठ

शेवटच्या परिच्छेदाला मनापासून अनुमोदन. पाळकांनी हे उपदेशातून बोलायला हवं.

याच्याशी जोडून एक ऐतिहासिक गोष्ट. मार्टिन रिंकार्ट हे तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात आयलेनबुर्ग गावचे लुथरन पाळक. १६३७ च्या साथीत त्यांनी हजारोंचे दफनविधी केले, त्यांची पत्नीही त्यातच गेली. "देवाचे आता आभार माना" अशा अर्थाने सुरू होणारं प्रसिद्ध जर्मन स्तुतिगीत त्यांचं. ते साथ संपल्याच्या आनंदात लिहिलं असं कधी कधी सांगतात, तसं धरून चालू नये. जेवणानंतर घरात म्हणायची प्रार्थना म्हणूनही ते ओळखलं जातं. अशा काळात रोजच्या जेवणापाशी आभाराचे शब्द ठरलेले असणं ही काय ताकद आहे!

बारा_टोपल्या

जेवणाचा विषय निघालाच आहे तर: जेवणाआधीची प्रार्थना किती लांब असावी? काही घरांत जगभरच्या मिशनकार्यापर्यंत जाऊन येतात आणि तोवर धाकटी पिढी युतुखासारखी (पौलाच्या लांबलेल्या बोलण्यात झोप लागून खिडकीतून पडलेला तरुण, प्रेषितांची कृत्ये २०:९) पेंगते. निदान जेवणाच्या खोलीत खिडकीत कोणी बसलेलं नसतं हे बरं! :)

स्तोत्रवाचक

:) प्रश्न खरा आहे. शास्त्रात आधी आणि नंतर, दोन्ही आहे. अनुवाद ८:१० म्हणतं की खाऊन तृप्त झाल्यावर देवाचा धन्यवाद कर, आणि लगेच ११ ते १४ मध्ये कारण येतं: पोट भरलं, घरं बांधली, गुरं-ढोरं वाढली की मन उन्मत्त होऊन देवाला विसरतं. म्हणजे विसरण्याचा धोका भुकेल्यापेक्षा तृप्त माणसाला जास्त. आपण मात्र जेवणानंतरची प्रार्थना जवळजवळ सोडूनच दिली आहे.

लूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत (विश्वासाची शिकवण प्रश्न-उत्तरांतून देणारी पुस्तिका) घरासाठी दोन्ही दिल्या. आधी स्तोत्र १४५:१५-१६ आणि एक छोटी प्रार्थना, नंतर स्तोत्र १३६ आणि १४७ मधली वचनं आणि पुन्हा एक छोटी प्रार्थना. प्रत्येकी मिनिटभराच्या आत. दुसऱ्या प्रार्थना तिथे आणायच्याच नाहीत, त्यांना कुटुंबप्रार्थनेची वेळ आहे. हा नियम पाळला की लांबण बंद होते. आणि उठायच्या आधी एक वाक्य आभाराचं, ताटं तशीच समोर असताना.

मिठाचा_खडा

प्रेषितांची कृत्ये २७ विसरू नका. चौदा दिवस वादळ, जहाज फुटायच्या बेतात, आणि पौल सर्वांदेखत भाकर घेऊन देवाची उपकारस्तुती करतो, मोडतो, खायला लागतो. ३७ व्या वचनात जहाजावरच्या माणसांचा आकडाही दिलाय, २७६. बहुतेक ख्रिस्ती नव्हतेच. तेव्हा चारचौघांत जेवताना डोळे मिटायला संकोच वाटणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा. त्याच वेळी बडेजावही करू नये. पौलाने प्रार्थना केली आणि लगेच जेवला. ३६ वं वचन सांगतं की मग सगळ्यांना धीर आला आणि तेही जेवले.

शमरोनी

धागा जेवणावरच बसलाय, जरा पुढे नेतो. :) तिसरा प्रश्न, गटात कसं करायचं?

आधी लेवीय ७:१५ बघा. उपकारस्तुतीच्या शांत्यर्पणाचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाच्या किंवा स्वखुशीच्या अर्पणाला दुसरा दिवस चालायचा, याला नाही. अख्ख्या जनावराचं मांस आणि सोबतच्या भाकरी एका दिवसात संपवायच्या तर माणसं बोलवावीच लागणार. कारण मजकुरात दिलेलं नाही, पण परिणाम उघड आहे: उपकारस्तुती एकट्याने उरकता येत नव्हती आणि पुढे ढकलताही येत नव्हती.

त्यावरून गटासाठी दोन नियम. उपकार कळला त्याच दिवशी निदान एका माणसाला सांगायचा, संदेश पाठवून का होईना. आणि साप्ताहिक सभेत विनंत्यांच्या आधी वीस मिनिटं फक्त उपकारस्तुतीची. विनंत्या आधी घेतल्या तर आभाराला वेळ उरतच नाही, हे कुठल्याही गटात दिसेल.

साक्ष देणाऱ्याला दोन मिनिटं आणि तीनच गोष्टी: गरज काय होती, देवाने काय केलं, आणि कोणाच्या हातून केलं. तिसरी गोष्ट लोक हमखास गाळतात. बिघडतं ते तीन ठिकाणी. साक्ष लांबून स्वतःच्या विश्वासाचा पोवाडा होतो. दुसऱ्या कोणाची खाजगी अडचण त्याला न विचारता उघडी पडते. आणि ज्यांची मागणी पूर्ण झाली नाही ते दर आठवड्याला गप्प बसतात, हळूहळू यायचेच बंद होतात. शेवटच्यासाठी गटप्रमुखाने महिन्यातून एका सभेत पहाटताराताईंनी सांगितलेली स्तोत्र १३ ची चौकट घ्यावी. त्या दिवशी साक्ष नाही, सगळे तक्रारीपासून सुरू करतील.

गव्हाची_ओंबी

शमरोनीदादा, "कोणाच्या हातून" हे जरा उलगडून सांगाल? देवाचे आभार मानताना माणसांचे मानले तर देवाचा मान कमी होतो, असं काही जणांना वाटतं.

शमरोनी

कमी होत नाही. पौलाची पत्रं उघडा. फिलिप्पै १:३-५ मध्ये तो देवाचे आभार मानतो, कशाबद्दल, तर सुवार्तेच्या कामातल्या त्यांच्या सहभागाबद्दल. आणि हे तो त्यांनाच लिहून कळवतो. १ थेस्सलनीका १:२-३ मध्ये तीन गोष्टी मोजून: विश्वासाने केलेलं काम, प्रीतीने केलेले श्रम, आशेमुळे धरलेला धीर.

याच घडणीचं वाक्य माणसाला म्हणा: "तुम्ही अमुक केलंत, त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो." देवही आला, माणूसही आला. नुसतं "देवाचीच कृपा" म्हणून ज्याने रात्रभर आजाऱ्याजवळ जागरण केलं त्याला वगळणं हे काही नम्रतेचं लक्षण नव्हे. आणि लूक १७ मधल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी जो शोमरोनी परत आला, तो मोठ्याने देवाचा गौरव करत येशूच्या पाया पडला, घरी बसून मनातल्या मनात आभार मानले नाहीत. बाकी नऊ जणांनी काही अवज्ञा केली नव्हती. याजकांना दाखवायला जा अशीच आज्ञा होती. परत फिरणं मात्र राहून गेलं.

दिवटी

उत्तम. विनंत्यांच्या वहीबद्दलही कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. मागितलेलं नोंदवून ठेवलं नसेल तर मिळालेलं ओळखू येत नाही. महिन्याने ते "आपोआपच झालं" वाटायला लागतं. पानावर चार रकाने करा: मागितल्याची तारीख, मागणी एका वाक्यात, उत्तराची तारीख, उत्तर काय आलं. शेवटच्या रकान्यात "हो", "अजून नाही" आणि "वेगळं" हे तिन्ही चालतात. पौलाने आपल्या शरीरातला काटा (त्याला सतत छळणारा कसलातरी त्रास) निघावा म्हणून तीनदा विनंती केली, उत्तर आलं "माझी कृपा तुला पुरे आहे" (२ करिंथ १२:८-९). हे "वेगळं" खाली येईल. मागणी मोघम असेल तर हा प्रकार चालत नाही. "सर्वांना आशीर्वाद दे" याचं उत्तर कोणत्या तारखेला लिहिणार?

महिन्यातून एकदा जुनी पानं वाचा. वहीचा खरा उपयोग त्या दिवशी होतो.

मिठाचा_खडा

आता एक मूलभूत मुद्दा, नाहीतर सगळी चर्चा शब्दांपुरतीच राहील. १५६३ ची हायडलबर्ग प्रश्नोत्तरी तीन भागांत आहे: माणसाची दैना, सुटका, आणि उपकारबुद्धी. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना कुठे ठेवल्यात? तिसऱ्या भागात, ८६ ते १२९ या प्रश्नांत. म्हणजे आज्ञा पाळणं ही तारणाची किंमत नसून तारण झालेल्याची कृतज्ञता आहे. प्रश्न ११६ चं उत्तर तर प्रार्थनेला देव आपल्याकडून मागतो त्या कृतज्ञतेचा मुख्य भाग म्हणतं.

तेव्हा वहीत "तू क्षमा केलीस" लिहिलं आणि त्याच दिवशी कोणाला तरी क्षमा करायला नकार दिला, तर वही खोटी. प्रत्येक ओळीपुढे "म्हणून मी" असं एक रिकामं घर ठेवा. रोज सगळी भरायची नाहीत, आठवड्यातून एकच भरा आणि करा.

बारा_टोपल्या

यात परतफेडीचा वास येत नाही का? देवाने एवढं दिलं, आता मी एवढं देणं लागतो, अशी. दशांशाच्या बाबतीत तर हे फार होतं: दिलं की हिशेब मिटला.

मिठाचा_खडा

रास्त शंका. स्तोत्र ११६:१२ नेमकं हेच विचारतं: परमेश्वराने माझ्यावर केलेल्या सर्व उपकारांबद्दल मी त्याचा कसा उतराई होऊ? आणि १३ वं वचन उत्तर देतं: मी तारणाचा प्याला हाती घेऊन परमेश्वराच्या नावाचा धावा करीन. म्हणजे उतराई व्हायचं पहिलं पाऊल पुन्हा घेणं आणि पुन्हा मागणं! नवस फेडणं १४ मध्ये येतं, नंतर, आणि तेही सर्व लोकांसमक्ष. देणं असतंच, पण ते घेण्यातून निघतं. २ करिंथ ९:११-१२ मध्येही दानाचा शेवट देणाऱ्याच्या समाधानात नसून घेणाऱ्यांच्या तोंडून देवाची उपकारस्तुती होण्यात आहे. दान देताना आपलं नाव मागे ठेवलं तर ती स्तुती जिथे जायची तिथे सरळ जाते.

पहाटतारा

एक राहिलं. नैराश्यात असलेल्या माणसाला यातलं काहीच जमणार नाही, आठ ओळीही नाहीत आणि तीन मिनिटंही नाहीत. अशा वेळी वही बंद ठेवा. १ राजे १९ मध्ये एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपकारस्तुती करायला सांगत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला उठवतो. डॉक्टरकडे जाणं, औषध घेणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही. प्रार्थना हवीच असेल तर उसने शब्द घ्या, दुसऱ्याने वाचावे, आजाऱ्याने फक्त "आमेन" म्हणावं, तेही जमलं तर. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात १६६२ साली आलेली, बिशप एडवर्ड रेनॉल्ड्स यांची सामान्य उपकारस्तुती यासाठी चांगली, कारण ती भावना विचारतच नाही. उत्पन्न केलंस, राखलंस, या जीवनातले आशीर्वाद दिलेस, आणि सर्वांत वर ख्रिस्ताकडून तारण, अशा क्रमाने ती जाते. आणि स्तोत्र ८८ ही शास्त्रातच आहे. ते अंधारात संपतं, तरी ती प्रार्थनाच.

गव्हाची_ओंबी

सर्वांचे आभार, आणि शमरोनीदादांच्या घडणीप्रमाणे: तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत त्याबद्दल देवाचे आभार मानते. :) रोज रात्री बारा मिनिटं, आठवड्यातून एकदा आठ ओळी, महिन्यातून एकदा जुनी पानं, असं आमच्या अभ्यासगटापुढे ठेवणार आहे. एक शेवटचं: गटात लिहिता-वाचता न येणारे ज्येष्ठ असतील तर?

स्तोत्रवाचक

स्तोत्र १०७ घ्या, ते तोंडी करण्यासाठीच घडल्यासारखं आहे. चार प्रकारचे लोक: रानात वाट चुकलेले (४-९), बंदिवान (१०-१६), आजारी (१७-२२), समुद्रावरच्या वादळात सापडलेले (२३-३२). चौघांच्याही गोष्टीत संकट, धावा, सुटका असा क्रम, आणि ८, १५, २१ आणि ३१ या वचनांत तेच पालुपद, परमेश्वराच्या दयेबद्दल त्याचे उपकारस्मरण करण्याची हाक. एकाने हळूहळू वाचावं, पालुपद सगळ्यांनी मिळून म्हणावं. दोनदा ऐकलं की पाठ होतं. प्रत्येक भागानंतर थांबून विचारा, "यांच्यासारखं कोण होतं?" ज्याला बोलायचं तो एका वाक्यात बोलेल. एका सभेत एकच भाग घ्या, चारही उरकू नका. ज्येष्ठांकडे सांगण्यासारखं सर्वांत जास्त असतं, त्यांना दोन मिनिटांची मर्यादा लावायची गरज नाही.

शमरोनी

हे शेवटचं मान्य. माझा दोन मिनिटांचा नियम साठीच्या आतल्यांसाठी!